महाविद्यालयाचा पर्यावरण-अहवाल आणि हरित मूल्यांकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेला द्यायचा एसएसआर, म्हणजे स्वयंअभ्यास अहवाल, भरायची वेळ जवळ आली की प्राचार्य, आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक आणि ‘क्रायटेरिया सेव्हन’ (पर्यावरणाचे काम ज्यात येते तो नॅकचा सातवा निकष) गळ्यात पडलेले प्राध्यापक यांच्याकडून पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. अधूनमधून पालक आणि विद्यार्थीही विचारतात. त्या सगळ्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल तर तो प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट आणि एन्व्हायर्न्मेंट ऑडिट ही तीन वेगळी कामे आहेत की एकाच कामाची तीन नावे?

कामे वेगळी आहेत, पण एकमेकांत गुंतलेली आहेत. एनर्जी ऑडिट वीज आणि इंधनापुरते असते. वीज कुठे किती जाते, कुठे वाया जाते, काय बदलले तर किती वाचेल आणि तो खर्च किती काळात भरून निघेल, हे त्यात येते. एन्व्हायर्न्मेंट ऑडिटमध्ये पाणी, सांडपाणी, कचरा, आवाज, प्रयोगशाळेतील रसायने आणि लागू असलेल्या कायद्यांचे पालन पाहतात. ग्रीन ऑडिटचा भर झाडे, परिसरातील जीवसृष्टी, मोकळी जागा आणि आवारातील वाहने यांवर असतो. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच ग्रीन ऑडिट म्हणतो.

तीन अहवाल केले तरी मूळ आकडे एकच ठेवा. एका अहवालात विद्यार्थिसंख्या १,१५० आणि दुसऱ्यात १,४०० असेल, तर पडताळणी करणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत तिथेच बोट ठेवतो.

२. नॅकमध्ये याला किती गुण असतात? एवढा खटाटोप कशासाठी?

नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत एकूण १,००० गुण असतात. सातवा निकष, म्हणजे संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम उपक्रम, १०० गुणांचा. त्यातले ५० गुण ७.१ या उपनिकषाला, ३० उत्तम उपक्रमांना आणि २० संस्थेच्या वेगळेपणाला. त्या ५० मध्येसुद्धा लिंगसमानता, दिव्यांगस्नेही सोयी, सर्वसमावेशकता यांचा वाटा असतो. म्हणजे ऊर्जा, पाणी, कचरा, हरित परिसर आणि ऑडिट मिळून हजारातला अगदी लहान हिस्सा उरतो.

केवळ गुणांसाठी हे काम केले तर ते परवडत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. ते परवडते ते विजेच्या बिलात, टँकरच्या खर्चात आणि मुलांच्या शिकण्यात. गुण ही वरची भर समजा.

३. नॅकची पद्धत बदलते आहे असे ऐकतो. मग आता जुन्या पद्धतीचे ऑडिट करून काय उपयोग?

डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून नॅकने जानेवारी २०२४ मध्ये दोन टप्प्यांची नवी रचना जाहीर केली. पहिल्या टप्प्यात संस्था अधिस्वीकृत आहे की नाही एवढाच निर्णय, आणि त्यापुढे परिपक्वतेच्या पाच पातळ्या. प्रस्ताव भरण्यापूर्वी आपल्या प्रकारच्या संस्थेसाठीचे चालू मॅन्युअल नॅकच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. शेजारच्या महाविद्यालयाकडून आलेल्या फाइलवर विसंबू नका.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीत तशीच राहते. वीज, पाणी आणि कचरा यांच्या दरमहा ठेवलेल्या नोंदी कुठल्याही तक्त्यात भरता येतात. मॅन्युअल बदलले की निरुपयोगी होतात ते केवळ मॅन्युअलसाठी काढलेले फोटो.

४. सुरुवात कुठून करायची? आमच्याकडे कसल्याच नोंदी नाहीत.

कसल्याच नाहीत असे सहसा नसते. त्या विखुरलेल्या असतात. लेखा विभागात महावितरणची बिले असतात. कॅन्टीनवाल्याकडे गॅस सिलिंडरच्या पावत्या असतात. शिपायाच्या वहीत टँकर कधी आला ते लिहिलेले असते. जनरेटरच्या डिझेलची व्हाउचर असतात. रद्दी विकल्याच्या पावत्या असतात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) जुने संगणक असतात, आणि एसटीच्या पासासाठी कार्यालयाने किती दाखले दिले याचीही नोंद असते. आधी हे सगळे एका टेबलावर आणा.

मग एकच वही किंवा एकच एक्सेल फाइल करा आणि महिन्याला एक ओळ भरा. महावितरणकडून घेतलेले युनिट, सौरऊर्जेचे युनिट, डिझेलचे लिटर, सिलिंडरची संख्या आणि वजन, पालिकेचे पाणी, बोअरचे पाणी, टँकर, ओला कचरा, सुका कचरा, रद्दी. शेजारी त्या महिन्यात महाविद्यालय किती दिवस भरले आणि साधारण उपस्थिती किती होती तेही लिहा. हे शेवटचे दोन रकाने बहुतेक ठिकाणी राहून जातात, आणि नंतर मे महिन्यात वापर का घटला याचे उत्तर कोणाकडे नसते. मेमध्ये सुट्टी होती, एवढेच ते उत्तर असते.

पहिल्या वर्षी या पलीकडे काही केले नाही तरी चालेल. बारा महिन्यांच्या बारा खऱ्या ओळी ऐंशी पानांच्या रंगीत अहवालाहून जास्त कामाच्या आहेत.

५. हे करायला माणूस कुठून आणायचा? आमच्याकडे आधीच पदे रिकामी आहेत.

ही अडचण खरी आहे. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) येणाऱ्या प्राध्यापकावर आणखी एक रजिस्टर लादू नका. जिथे ‘कमवा व शिका’ योजना चालते तिथे दोन विद्यार्थ्यांना मीटर वाचण्याचे आणि कचरा मोजण्याचे काम नेमून द्या, त्याचे मानधन द्या. एनएसएसचे स्वयंसेवक वर्षातून तीन वेळा आठवडाभर कचरा तोलू शकतात. भौतिकशास्त्राच्या मुलांना वीज, रसायनशास्त्राच्या मुलांना पाण्याची तपासणी, वनस्पतिशास्त्राच्या मुलांना वृक्षगणना आणि वाणिज्यच्या मुलांना खर्चाचा हिशोब, असे प्रकल्प म्हणून वाटून दिले तर तो त्यांचा अभ्यासही होतो. जबाबदारी मात्र एका नावावर असू द्या. समिती सर्वांची झाली की वही कोणाचीच राहत नाही.

६. बाहेरचा ऑडिटर लागतोच का? काही जण आठवड्यात तयार अहवाल देऊ म्हणतात.

स्वतंत्र नजर हवीच. एनर्जी ऑडिटसाठी बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक मिळतात. ग्रीन ऑडिटसाठी तशी एकच सरकारी परीक्षा नाही, त्यामुळे माणूस पारखून घ्यावा लागतो.

काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुम्ही आवारात येऊन स्वतः काय मोजणार? कोणती उपकरणे आणणार? मागच्या वर्षी केलेल्या एका अहवालातली कोणती शिफारस प्रत्यक्षात उतरली? जो आवारात न येताच अहवाल देतो त्याला काम देऊ नका. अशा अहवालांत शेवटच्या पानावर दुसऱ्याच महाविद्यालयाचे नाव राहिलेले मी पाहिले आहे. त्याने पैसा तर जातोच, शिवाय त्या फाइलमधल्या बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

दरवर्षी बाहेरून ऑडिट करायचे नसेल तर मधल्या वर्षांत अंतर्गत ऑडिट करा आणि त्यावर ‘अंतर्गत’ असे स्वच्छ लिहा.

७. आम्ही छतावर सोलर बसवले. बिल एकदम खाली आले. विजेचा वापर कमी झाला असे लिहायचे ना?

नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

नेट मीटरिंगच्या बिलात दिसतो तो महावितरणकडून आलेल्या आणि महावितरणला दिलेल्या विजेचा हिशोब. छतावर तयार होऊन थेट पंख्यात गेलेली वीज त्या बिलात येतच नाही. ती फक्त सोलरच्या जनरेशन मीटरवर किंवा इन्व्हर्टरवर दिसते. एकूण वापर काढायचा तर आयात अधिक निर्मिती वजा निर्यात, असे गणित करावे लागते.

समजा वर्षभरात आयात ३०,००० युनिट, सोलरची निर्मिती २७,००० युनिट आणि निर्यात ९,००० युनिट आहे. बिलात निव्वळ २१,००० दिसतील. प्रत्यक्ष वापर ४८,००० युनिट आहे. सोलर बसवण्याआधी तो ४५,००० असेल, तर वापर वाढला आहे. वीज फुकट मिळते म्हणून नवे एसी लागले की असेच होते. मग अहवालात दोन वाक्ये लिहा: वापर ३,००० युनिटने वाढला, आणि एकूण वापरात आपण बनवून आपणच वापरलेल्या विजेचा वाटा १८,००० युनिट झाला. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही लागतात.

पडताळणीसाठी एक ढोबळ आकडा जवळ ठेवा. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा छतावरचा संच दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो. तुमच्या २० किलोवॉटच्या संचाची निर्मिती वर्षाला १५,०००च येत असेल तर पॅनेलवर धूळ बसली आहे, सावली पडते आहे किंवा इन्व्हर्टर मधूनमधून बंद पडतो आहे. पुरवठादाराला बोलवा.

८. कार्बन फूटप्रिंट (आपल्यामुळे होणारे एकूण कार्बन उत्सर्जन) कसा काढायचा? त्याला सॉफ्टवेअर लागते का?

लागत नाही. एक एक्सेल शीट पुरते. जगभर वापरली जाणारी जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉलची पद्धत उत्सर्जनाचे तीन गट करते. पहिल्या गटात आवारात जाळलेले इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, आणि तिसऱ्यात बाकीचे सगळे, म्हणजे येणे-जाणे, कागद, कचरा, सहली.

हिशोबाला लागणारे ढोबळ गुणक असे: ग्रिडच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो, पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो आणि एलपीजीच्या एका किलोमागे सुमारे ३ किलो. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी प्रसिद्ध करते. ज्या वर्षाचा अहवाल त्या वर्षाचा गुणक वापरा आणि तो कुठून घेतला ते अहवालात लिहा.

उदाहरण घेऊ. वर्षाला ६०,००० युनिट वीज म्हणजे ४२ टन. जनरेटरचे ४०० लिटर डिझेल म्हणजे १.१ टनाच्या आसपास. कॅन्टीनचे १९ किलोचे १०० सिलिंडर म्हणजे १,९०० किलो गॅस, त्याचे ५.७ टन. पहिले दोन गट मिळून सुमारे ४९ टन. १,२०० विद्यार्थी असतील तर माणशी ४० किलोच्या आसपास.

तिसऱ्या गटात येण्या-जाण्यापासून सुरुवात करा. वर्गात एक लहान फॉर्म द्या: गाव किती किलोमीटरवर, एसटी की दुचाकी की सायकल, आठवड्यातून किती दिवस. तालुक्याच्या महाविद्यालयात बहुतेक मुले एसटीने येतात आणि पासाच्या दाखल्यांवरून फॉर्ममधली माहिती ताडून पाहता येते. शहरात दुचाकींचा आकडा पाहून प्राचार्यांनाच धक्का बसतो. त्या आकड्यावरून कोणी एसटी आगाराशी बोलून सकाळच्या गाडीची वेळ बदलून घेतली, तर त्या अहवालाचे चीज झाले.

सोलर असेल तर उत्सर्जन काढताना आयात केलेले सगळे युनिट धरा. निर्यात वेगळी दाखवा, वजा करू नका.

९. आम्ही दरवर्षी पाचशे झाडे लावतो. ती या हिशोबातून वजा करता येतील का?

लावलेली नको, जगलेली मोजा. जुलैमध्ये लावलेल्या रोपांपैकी पुढच्या जूनमध्ये किती उभी आहेत, हा आकडा द्या. झाड किती कार्बन साठवते ते जात, वय, खोडाचा घेर आणि जमीन यांवर ठरते. सरसकट ‘एका झाडामागे इतके किलो’ धरून विजेच्या उत्सर्जनातून वजा केले की महाविद्यालय कागदावर कार्बनमुक्त होते आणि व्हरांड्यातले दिवे दिवसा जळतच राहतात. वृक्षगणना वेगळ्या प्रकरणात द्या.

त्या प्रकरणात मात्र मनापासून काम करा. जातीनुसार यादी करा, खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा आणि देशी-विदेशी अशी वर्गवारी ठेवा. गिरिपुष्प आणि सुबाभळीची रांग म्हणजे हिरवाई असेल, पण वड, उंबर, करंज, बहावा, पळस यांच्यावर जगणारे पक्षी आणि कीटक तिथे येत नाहीत. आवारातले जुने झाड वाचवले असेल तर त्याची गोष्ट अवश्य लिहा. एक जुने उंबर वाचवणे शंभर रोपांच्या फोटोंहून मोठे काम आहे.

१०. बोअरला मीटरच नाही. पाण्याचा वापर कसा सांगायचा?

टाकी भरायला लागणारा वेळ मोजा. १०,००० लिटरची टाकी पंपाने ५० मिनिटांत भरत असेल तर पंप तासाला १२,००० लिटर देतो. पंप रोज किती वेळ चालतो ते शिपायाने वहीत लिहिले की रोजचा उपसा निघतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप कमी पाणी देतो, म्हणून हे मोजमाप वर्षातून निदान दोनदा करा. जमले तर सरळ मीटर बसवा. सगळ्या उपायांत हा खर्च अगदी कमी आहे.

तुलनेसाठी भारतीय मानकातला आकडा आहे: दिवसा भरणाऱ्या शिक्षणसंस्थेत माणशी रोज ४५ लिटर, वसतिगृहात १३५ लिटर. तुमचा आकडा ९० येत असेल तर रात्री सगळे बंद असताना टाकीची पातळी तपासा. मुलींच्या वसतिगृहाच्या किंवा मुतारीच्या गळक्या फ्लशमध्ये बहुतेक उत्तर सापडते.

आकडा फार कमी, समजा १० लिटर आला, तर तो मिरवू नका. स्वच्छतागृहांत पाणीच येत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि मुली दिवसभर पाणी न पिता वर्गात बसतात असाही.

११. रेनवॉटर हार्वेस्टिंगचा पाइप आहे. किती पाणी जिरले ते कसे लिहू?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १,००० चौरस मीटर छत, ७०० मिलिमीटर पाऊस आणि गळती-बाष्पीभवन सोडून ८० टक्के धरले, तर ५,६०,००० लिटर. ही झाली क्षमता. पाइप तुंबलेला असेल किंवा शोषखड्डा गाळाने भरला असेल तर प्रत्यक्षात त्यातले काहीच जिरत नाही. म्हणून मेमध्ये गाळ काढल्याची तारीख आणि फोटो ठेवा, आणि बोअरची पाणीपातळी मे व ऑक्टोबरमध्ये मोजा.

१२. कचऱ्याचे काय? रोज घंटागाडी येते, मग मोजायचे कशाला?

गाडी कचरा घेऊन जाते, पण किती आणि कसला ते सांगत नाही. वर्षातून तीन आठवडे निवडा: एक पावसाळ्यात, एक ऐन परीक्षेत, एक स्नेहसंमेलनाच्या वेळी. रोज ओला, सुका, प्लॅस्टिक, कागद आणि स्वच्छतागृहातला कचरा वेगळा तोला. स्नेहसंमेलनाचा आठवडा डोळे उघडणारा असतो. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा निघणारी संस्था नियमांनुसार मोठी कचरानिर्माती ठरते आणि तिच्या जबाबदाऱ्या वाढतात, म्हणून ही सीमा आपण ओलांडतो का, ते माहीत हवे.

महाराष्ट्रात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवरची बंदी मार्च २०१८ पासून आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवरची देशव्यापी बंदी १ जुलै २०२२ पासून. ‘प्लॅस्टिकमुक्त परिसर’ असा फलक लावला असेल तर कॅन्टीनमधले कप आणि कार्यक्रमातले पाहुण्यांचे पाणी आधी तपासा.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कमी मात्रेचे प्रयोग सुरू केले तर रसायनांचा खर्च आणि सांडपाणी दोन्ही घटतात. हा ‘उत्तम उपक्रम’ म्हणूनही चांगला उभा राहतो, कारण त्याचे आकडे विभागाच्या खरेदीतच असतात.

१३. जुने संगणक भंगारवाल्याला दिले तर चालते ना?

नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. निर्लेखनाचा (सामान नोंदीतून काढून टाकण्याचा) ठराव, डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद, वजन आणि त्या संस्थेची पावती असे चार कागद एकत्र ठेवा.

१४. एकाच आवारात शाळा, ज्युनिअर आणि सीनिअर महाविद्यालय आहे. वीजमीटर एकच. आमचा वाटा किती धरायचा?

शक्य असेल तर सब-मीटर बसवा, तो कायमचा उपाय आहे. तोवर वाटणीचे सूत्र ठरवा. विजेसाठी बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले रोजचे वापराचे तास, आणि पाण्यासाठी उपस्थिती, हे न्याय्य ठरते. सूत्र अहवालाच्या पहिल्या पानांवर लिहा आणि दरवर्षी तेच ठेवा. एका वर्षी क्षेत्रफळ आणि दुसऱ्या वर्षी विद्यार्थिसंख्या असे केले की झालेली घट खरी की गणिताची, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. सूत्र बदलावेच लागले तर मागची वर्षेही नव्या सूत्राने पुन्हा काढा.

भाड्याच्या इमारतीत असाल तर तुमच्या हातात असलेला भाग मोजा, आणि मालकाच्या ताब्यात काय आहे ते सांगा.

१५. तुलनेसाठी कोणते वर्ष धरू? आमच्याकडे २०२०-२१ चे आकडे सर्वांत कमी आहेत.

ते धरू नका. त्या वर्षी वर्ग बंद होते. त्याला आधार धरले तर पुढची सगळी वर्षे वाईट दिसतील, आणि पाच वर्षांच्या तक्त्यात ते शेवटी आणून बसवले तर घट खोटी दिसेल. ते वर्ष तक्त्यात ठेवा, खाली टीप द्या, आणि नेहमीसारखे चाललेले वर्ष आधारवर्ष घ्या. नवी इमारत किंवा वसतिगृह सुरू झालेले वर्षही असेच वेगळे सांगा. एकूण आकड्यासोबत माणशी आणि प्रति चौरस मीटर असे दोन्ही आकडे दिले की वाढलेल्या प्रवेशांचा परिणाम वेगळा कळतो.

१६. आकडा वाईट आला तर? गुण जातील अशी भीती वाटते.

लिहा. वापर वाढला, का वाढला, आता काय करणार, असे तीन ओळींत लिहा. कागदपत्रे पडताळताना बिले मागितली जातात, आणि सात निकषांच्या पद्धतीत पीअर टीम (नॅकने नेमलेले परीक्षक) आवार पाहते. सुंदर आकड्याला बिलाचा आधार नसला तर पंचाईत होते. वाढलेल्या आकड्याला कारण आणि उपाय जोडलेला असला तर संस्था स्वतःला ओळखते, हे दिसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुले हे पाहत असतात. ज्या मुलीने आठवडाभर नाक दाबून कचरा तोलला, तिने लिहिलेला आकडा अहवालात अर्धा झालेला तिला दिसला, तर पर्यावरणशास्त्राच्या पेपरात आपण तिला काय शिकवले? हा अहवाल महाविद्यालयातला सर्वांत मोठा प्रात्यक्षिक तास आहे, आणि प्रात्यक्षिकात मोजलेला आकडा बदलत नाहीत.

१७. पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा पेपर आहे. तो अहवालात मोजायचा का?

हो, पण तो सर्वांकडेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर या शिक्षणाला बळ मिळाले आणि यूजीसीचा सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम पुढे आला. तुमचे वेगळेपण इतर विषयांत दिसते: अर्थशास्त्रात पाणीवाटप, मराठीत पर्यावरणविषयक लेखन, सांख्यिकीत तुमच्याच आवाराचा विजेचा डेटा. नॅकच्या १.३ या उपनिकषात पर्यावरण आणि शाश्वतता हा सर्व विषयांत गुंफायचा मुद्दा म्हणून येतो. तेथे दाखवलेल्या गोष्टी सातव्या निकषात पुन्हा लिहू नका, फक्त संदर्भ द्या.

१८. स्टार्स, ग्रीनमेट्रिक, इम्पॅक्ट रँकिंग यांत फरक काय? आम्ही भाग घ्यावा का?

स्टार्स ही अमेरिकेतील आशी या संघटनेची पद्धत २०१० पासून चालते. ती क्रमांक लावत नाही, श्रेणी देते. अभ्यासक्रम-संशोधन, सहभाग, आवाराचे कामकाज, नियोजन-प्रशासन असे विभाग असतात, माहिती संस्थेनेच भरायची असते, आणि भरलेला अहवाल कोणालाही वाचायला खुला राहतो. वाचकाला एखाद्या आकड्यावर शंका विचारण्याचीही सोय आहे. मला ही पद्धत सर्वांत आवडते ती या खुलेपणामुळे. ज्यांना गुण जाहीर करायचे नाहीत ते ‘रिपोर्टर’ म्हणून नुसता अहवालही देऊ शकतात.

यूआय ग्रीनमेट्रिक ही इंडोनेशिया विद्यापीठाची २०१० मध्ये सुरू झालेली क्रमवारी आहे. परिसर, ऊर्जा-हवामान, कचरा, पाणी, वाहतूक आणि शिक्षण-संशोधन असे तिचे गट. टाइम्स हायर एज्युकेशनची इम्पॅक्ट क्रमवारी २०१९ मध्ये आली आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांवर बेतलेली आहे. तिच्या एकूण गुणांत सतरावे ध्येय (ध्येयांसाठी भागीदारी) सक्तीचे, त्याला २२ टक्के, आणि संस्थेची सर्वोत्तम तीन ध्येये प्रत्येकी २६ टक्के. म्हणजे एक विद्यापीठ आरोग्यावर आणि दुसरे स्वच्छ ऊर्जेवर गुण मिळवून शेजारी शेजारी बसू शकते. क्रमांक वाचताना हे ध्यानात ठेवा.

संलग्न महाविद्यालयाने आधी चौथ्या प्रश्नातली वही तीन वर्षे चालवावी. विद्यापीठे आणि मोठ्या स्वायत्त संस्थांनी जरूर उतरावे.

१९. मुलगी अमेरिकेत शिकायला जाते आहे. विद्यापीठाच्या माहितीत ‘स्टार्स गोल्ड’ लिहिले आहे. ते चांगले का?

चांगले आहे. पद्धतीत ब्राँझसाठी २५, सिल्व्हरसाठी ४५, गोल्डसाठी ६५ आणि प्लॅटिनमसाठी ८५ गुण अशी सीमा आहे आणि श्रेणी तीन वर्षे टिकते. पहिले प्लॅटिनम २०१५ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाला मिळाले. श्रेणीची तारीख पाहा, आणि मग खुला अहवाल उघडून तिच्या कामाचे तेवढे वाचा: आवारात राहायला आणि बसने फिरायला काय सोय आहे, तिच्या विषयात शाश्वततेचे कोणते अभ्यासक्रम आहेत. श्रेणी नाही म्हणजे विद्यापीठ वाईट असे मात्र नाही. भाग घेणे ऐच्छिक आहे.

२०. आमचे महाविद्यालय डोंगरातले, दोन इमारतींचे. ना सोलर, ना एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र). आम्ही काय दाखवणार?

माणशी वापर दाखवा, आणि तो बहुधा शहरातल्या वातानुकूलित संस्थेच्या कितीतरी खाली असेल. आवाराबाहेरचे काम दाखवा: एनएसएसच्या शिबिरात बांधलेला वनराई बंधारा, गावाच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, देवराईची गणना. सातत्याने पाच वर्षे नोंदलेली दहा विहिरींची पातळी हा असा डेटा आहे की तो ग्रामपंचायत आणि भूजल खाते दोघांनाही वापरता येतो. नसलेल्या गोष्टींपुढे ‘नाही’ लिहा.

२१. अहवाल संकेतस्थळावर टाकायचा का? किती पानांचा असावा?

टाका, दरवर्षी त्याच जागी, आणि जुने काढू नका. पीडीएफसोबत मूळ तक्ता एक्सेलमध्ये द्या म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तो पुढे नेता येईल. सुरुवातीला दोन पानांचा मराठी सारांश असू द्या: पाच मुख्य आकडे, मागच्या वर्षीच्या कोणत्या शिफारशी झाल्या, कोणत्या राहिल्या आणि का. हाच सारांश महाविद्यालयाच्या सूचना फलकावर आणि कॅन्टीनमध्ये लावा. विद्यार्थ्यांची, पालकांची किंवा कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती, विशेषतः प्रवासाच्या फॉर्ममधले पत्ते आणि फोन क्रमांक, काढून टाकल्याची खात्री केल्याशिवाय मूळ तक्ता चढवू नका.